पश्चिमेच्या भिंतीवरचं नाव

दसरा होऊन गेला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. शेवटी सोमवारी जरा ऊन पडलं, तेव्हा जयमालाने पश्चिमेच्या भिंतीवरची ताडपत्री सोडली, आणि ताडपत्रीबरोबर भिंतीचा रंगही खाली आला. सगळा नाही. कोपऱ्यात तो पोपडे धरून कसाबसा लटकत होता, मध्ये जागोजाग फुगे आले होते. पण खिडकीच्या अंगाला मात्र दुधावरची साय निघावी तसा अख्खाच्या अख्खा निघाला. त्याखाली कालच लिहिल्यासारखी लालभडक, पिवळ्या किनारीची अक्षरं दिमाखात उभी होती. वर गणपती, त्याखाली शुभविवाह, आणि त्याखाली चि. अल्पेश आणि चि. सौ. कां. रुचिका.

जयमालाने कपाळावर हात मारून घेतला. अल्पेश तिचा धाकटा दीर. त्याचं हे लग्न सहा वर्षांपूर्वी झालं होतं आणि दोन वर्षंही टिकलं नव्हतं. कोर्टाचे कागद होऊन गेले, रुचिकाचं सामान गेलं, दारावरचं तोरण कधीच कुजलं. पण भिंत काही ऐकायला तयार नव्हती. दर वर्षी रंग लावायचा आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर नवराबायको पुन्हा हजर. रस्त्यावरून जेट्टीकडे जाणारी माणसं स्कूटर हळू करून वाचत जात. वाचून झालेलंच पुन्हा वाचत, त्यात काय मिळत असे देव जाणे.

आणि या रविवारी नागावहून जागृतीच्या घरची माणसं घर बघायला यायची होती.

जागृती एकतीस वर्षांची, नागावच्या एका होमस्टेचं सगळं बुकिंग सांभाळणारी, बोलायला स्पष्ट मुलगी. स्थळ जयमालानेच आणलं होतं. दोघांची भेट झाली, पसंती झाली, आणि त्यानंतर जागृतीने जयमालाला एकटीला फोन केला होता. तिने म्हटलं, पहिलं लग्न झालं होतं त्याचं मला काही नाही, ताई. फक्त ती त्यांच्या मनातून गेलेली असावी, एवढंच मला खरं सांगा. जयमालाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं की केव्हाच गेली. शब्द देऊन सांगितलं होतं. आता त्या शब्दाच्या नावाने सहा फूट बाय चार फूट लालभडक अक्षरं तिच्याकडे बघत होती.

हे असं एकदा होऊन गेलं होतं म्हणून तर जास्त धास्ती. मागल्या वर्षी पेणकडची माणसं आली होती. मुलीचा मामा अंगणात उभा राहून भिंत बघत राहिला, मग आत येऊन चहा प्यायला, पोहे खाल्ले, मुकाट्याने निघून गेला. दोन दिवसांनी निरोप आला की आधी भिंत पुसा, मग मुलगी मागा. अल्पेशने तो निरोप ऐकला आणि नागावला कुणाचा तरी एसी दुरुस्त करायला निघून गेला. त्याचं ते नेहमीचंच. खाऱ्या वाऱ्याने सगळ्या किनाऱ्याचे एसी सडतात आणि ते दुरुस्त करता करता अल्पेशचं पोट चालतं, शिवाय घरातल्या कटकटीतून पळायला निमित्तही मिळतं.

घर होतं अलिबागच्या वरच्या अंगाला, एका बाजूला खाडी, समोर समुद्र. पाऊस वरून पडला तर त्याला छप्पर आहे. इथला पाऊस आडवा येतो, वाऱ्यावर बसून, आणि सरळ पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो. जयमालाचं माहेर श्रीवर्धनचं. तिथे घराभोवती नारळी-पोफळींची वाडी, झड घरापर्यंत पोचायच्या आधीच झाडांवर दमायची. लग्न होऊन इथे आली तेव्हा भिंतीला ओल येते म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. आता चौदा वर्षांत ती त्या विषयात मास्तरीण झाली होती.

तिने काय काय केलं नव्हतं? साधा रंग लावून झाला. दहा वर्षांची हमी असलेला रंग लावून झाला. त्या हमीला विचारायला गेली तेव्हा दुकानदाराने हमीचा कागद उलटा करून मागची बारीक अक्षरं दाखवली. त्यात लिहिलं होतं की भिंत कोरडी असली तरच हमी लागू. भिंत कोरडी असती तर मी हा रंग कशाला घेतला असता, असं तिने विचारलं, त्यावर तो बिचारा दुसरा डबा काढायला लागला. एका वर्षी सासूने, म्हणजे ठमाबाईने, जुन्या पद्धतीने नारळाच्या झावळ्यांची झापं विणून भिंतीला बांधली. त्याने भिंत बऱ्यापैकी राहिली, पण झापांना वाळवी लागली आणि वाळवी खिडकीच्या चौकटीत शिरली. मग आली ताडपत्री. ताडपत्री आत हवाच जाऊ देईना, म्हणून रंग आतल्या आत घामाघूम होऊन सुटला.

सासऱ्याला, धर्माला, या सगळ्याची मौज वाटायची. चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस. तो दर ऑक्टोबरला भिंतीशी जायचा, जिथे पांढरी भुकटी फुललेली असायची तिथे बोट फिरवायचा आणि ते बोट चक्क चाटायचा. मग म्हणायचा की मीठ बरं पिकलंय यंदा. घर बांधताना कंत्राटदाराने खाडीची रेती वापरली, ती गोड्या पाण्यात धुतली नाही, म्हणून प्लास्टरमध्येच मीठ आहे, आणि मीठ पाणी ओढून घेणारच. प्लास्टर खरवडून काढा आणि चांगल्या रेतीचं नवं करा, दुसरा उपाय नाही. हे तो सात-आठ वर्षं सांगत होता. घरात म्हातारा एकच गोष्ट सात-आठ वर्षं सांगायला लागला की ती कुणाला ऐकू येईनाशी होते, तसं झालं होतं.

बरं, रंग तर सगळ्या भिंतीचा जात होता, मग ती अक्षरंच तेवढी कशी टिकत होती? हे जयमालाला खरं सतावायचं. त्याचं उत्तर होतं हर्षद पेंटर.

त्या गावात लग्नघराची भिंत लिहून घेतात. वर गणपती, खाली नावं, तारीख, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. पूर्वी हर्षदला लग्नाच्या दिवसांत जेवायला वेळ मिळत नसे. मग फ्लेक्स आले आणि लोक फोटो छापून बांबूवर टांगायला लागले. अल्पेशच्या लग्नाला मात्र ठमाबाईने हट्टाने भिंतच लिहून घेतली, आणि गिऱ्हाइकाला आसुसलेल्या हर्षदने त्या सहा बाय चारच्या तुकड्यात जीव ओतला. तिथलं प्लास्टर घासलं, पुट्टी भरली, तेलाच्या प्रायमरचे दोन हात दिले, वर ऑइल पेंटने लिहिलं आणि शेवटी गाडीला मारतात ते वॉर्निश मारलं. सगळ्या भिंतीत तेवढा एक तुकडा असा होता की ज्यात पाण्याचा थेंब शिरत नव्हता. आणि गुळगुळीत वॉर्निशवर पाण्याचा रंग काही केल्या धरत नव्हता.

सोमवारी दुपारी जयमाला हर्षदकडे गेली, ती तावातावानेच. तो ओट्यावर बसून कुणाच्या तरी होडीचं नाव फळीवर लिहीत होता. तिने सगळं ऐकवलं. त्याच्या चेहऱ्यावर खेद दिसावा अशी तिची अपेक्षा होती, तर तो खुलला. सहा वर्षं झाली ना, म्हणाला. एक अक्षर उडालं काय? तिने नाही म्हणून कबूल केलं. मग त्याने सांगितलं की हे लपवायचं तर आधी खरखरीत पॉलिश पेपरने घासून वॉर्निश काढायला हवं, अक्षरं काढायला हवीत, आणि मग काय हवा तो रंग लावा. हे आपण पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, असंही त्याने वर ऐकवलं. स्वतः मात्र तो घासायला येणार नव्हता. आपल्या हाताने आपलं काम पुसायला त्याचा हात उचलणार नव्हता. पेपर हवा तर न्या, ऐंशी नंबरचा आहे.

पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, हे खरं होतं. ते झालं नाही त्याला कारण ठमाबाई. नावांच्या डोक्यावर गणपती होता. रंगाखाली झाकला तर देव आत राहतो, त्याला काही होत नाही, पण त्याच्या अंगावर खरवडायचा पत्रा किंवा पेपर चालवायचा नाही, असा तिचा नियम. खालची नावं तेवढी घासू म्हटलं तर ते देवाच्या पायाखालचं, तेही नाही. तेव्हापासून घराने चार वेळा देवावर रंग लावला होता आणि चार वेळा देवाने तो सोडून दिला होता.

जयमालाने त्या संध्याकाळी पुन्हा विषय काढला. ठमाबाई मासळी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "देवाच्या आंगावर पेपर घासशील व्हय? मी जिती हाय तवर न्हाय."

"मग रविवारी त्या लोकांना काय सांगू, आई?"

"सांग, देवाचं हाय."

जयमालाचा तोल सुटायचाच बाकी होता. नवरा धनेश जेएनपीटीचा ट्रेलर घेऊन गुजरातकडे गेलेला, त्याला फोन केला तर तो म्हणाला, एखादा फ्लेक्स लाव ना वरून. हेही तिने करून बघितलं. मंगळवारी चौकात पडलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणून अक्षरांवर ठोकला. हात जोडून हसणारा एक अनोळखी माणूस दिवसभर तिच्या भिंतीवर उभा राहिला आणि येणारेजाणारे तिला विचारत राहिले की हे तुमचे कोण. बुधवारी वाऱ्याने त्याचा अर्धा चेहरा फाडला. उरलेल्या अर्ध्याखालून रुचिका डोकावत होती. जयमालाने उरलासुरला माणूसही उपटून काढला.

शेवटी गुरुवारी तिला सुचलं ते सोमवारीच सुचायला हवं होतं. तिने गावातल्या भटजींना फोन लावला. भटजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहो, यात काय एवढं? आपण गणपतीची मूर्ती आणतो, पूजतो आणि विसर्जन करतो की नाही? मग भिंतीवरच्याला का निरोप देता येत नाही? अक्षता वाहा, दहीभात दाखवा, पुन्हा ये म्हणा, नारळ फोडा आणि मग खुशाल घासा. जो चुरा पडेल तो गोळा करून पाण्यात सोडा. जयमालाने फोन तसाच सासूच्या कानाला लावला. ठमाबाई दोन मिनिटं नुसती व्हय व्हय करत राहिली. फोन परत देताना तिचा चेहरा जरा पडला होता, कारण आता तिच्याकडे नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. चार पावसाळे गेले आणि उत्तर एका फोनवर होतं. जयमालाला हसावं की डोकं आपटावं तेच कळेना.

शुक्रवारी सकाळी भिंतीवरच्या गणपतीचं विसर्जन झालं. ठमाबाईने खुर्चीवर चढून त्याच्या सोंडेला कुंकू लावलं, धर्माने नारळ फोडला, अल्पेशने आरतीचं तबक धरलं. समोरून जाणाऱ्या दोन बायकांनीही चपला काढून नमस्कार केला. मग ठमाबाईने चुरा पडायला खाली परात ठेवली आणि अल्पेशने पॉलिश पेपर हातात घेतला. तो स्वतःहून म्हणाला होता की मी घासतो, सुट्टी टाकतो. जयमालाला त्याचं बरं वाटलं. या माणसाने सहा वर्षांत त्या भिंतीबद्दल एक शब्द काढला नव्हता, निदान आता हात तरी लावतोय, एवढ्याने तिचा चार दिवसांचा राग निम्मा उतरला. ती अंगणवाडीत शिकवायची. अल्पेशला डोळे सांभाळ, नाकाला फडकं बांध, असं चार वेळा बजावून ती कामाला गेली. जाताना जागृतीला फोन करून रविवारी अकरापर्यंत या म्हणूनही सांगितलं.

संध्याकाळी पाचला ती परत आली, ती रस्त्यावरूनच भिंत बघत आली. लांबून तिला लाल काही दिसेना, तेव्हा तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. गणपती गेला होता. केळीचे खांब गेले होते. शुभविवाह गेलं होतं, तारीख गेली होती, चि. अल्पेश गेला होता. घासलेलं राखाडी प्लास्टर सगळीकडे सारखं दिसत होतं. फाटकाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की सगळीकडे नाही. अल्पेश भिंतीकडे तोंड करून पायरीवर बसला होता. केसांत, भुवयांवर पांढरा चुरा. त्याच्यासमोर चि. सौ. कां. पुसलं गेलं होतं, आणि त्यापुढची तीन अक्षरं तेवढी जशीच्या तशी होती.

रुचिका.

"पेपर संपला काय?" जयमालाने विचारलं. विचारतानाच तिला दिसलं की पायरीवर दोन कोरे पेपर पडले आहेत.

अल्पेश म्हणाला, "वयनी, ते तू घास."

"म्हणजे?"

"दुपारपासून बसलोय. माझ्याच्यानं व्हत न्हाय."

जयमाला रागाने पेटली. तिने पिशवी अंगणातच आदळली, पेपर उचलला आणि भिंतीला लावला. चार दिवस मी वेड्यासारखी पायपीट करतेय, चार वर्षं करतेय, आणि याला आता तीन अक्षरं जड झाली, असं काहीबाही ती बोलत होती. तिने पहिला हात ओढला. रु च्या खालची पिवळी किनार पांढरी पडली. दुसरा हात ओढायला तिने जोर घेतला आणि सहज मागे वळून बघितलं. अल्पेशने तोंड फिरवलं होतं. लहान पोराला टोचताना बाप तोंड फिरवतो तसं.

तिचा हात तिथेच थांबला. मग तिला सगळं एकदम कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा, कळलेलं होतं ते आता नाकारता येईना.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. विचारलं, की मग पेणचं स्थळ, जागृती, या सगळ्याला हो कशाला म्हणालास? तो म्हणाला की तुम्ही सगळे एवढे धडपडत होता, न्हाय म्हणायला तोंड झालं न्हाय. रुचिकाशी बोलतोस का, तर न्हाय. तिचं दुसरं लग्न झालं का, तर माहीत न्हाय. पनवेलला असते, एवढंच. मग चुऱ्याने भरलेले हात एकमेकांवर घासत तो म्हणाला:

"ती एवढंच म्हनत व्हती, भिंत सुकवा. आपन चार वर्षं तिचं नाव झाकत बसलो."

गावात सांगितलं जायचं ते असं की पनवेलची मुलगी, तिला खेड्यात करमलं नाही. घरात सांगितलं जायचं ते असं की तिला इथलं हवापाणी मानवलं नाही. जयमालानेही दोन्ही सांगितलं होतं, जसा ऐकणारा असेल तसं. खरी गोष्ट अशी होती की नव्या जोडप्याला पश्चिमेची खोली दिली होती. वादळाने छपराचे पत्रे गेले, त्या पावसाळ्यात खोलीची भिंत आतून काळी पडली, कपाटातल्या साड्यांना बुरशी आली आणि रुचिकाला खोकला लागला. डॉक्टर म्हणाला ओल टाळा. पुढल्या आषाढात ती जेवताना म्हणाली की भिंत दुरुस्त होईपर्यंत आम्ही पनवेलला भाड्याने राहू का. ठमाबाई म्हणाली, समुद्राची हवा औषध असते. अल्पेशने मान खाली घातली. आणि जयमाला म्हणाली होती, "आम्ही काय माणसं नाही? आमची पोरगी याच घरात वाढतेय ना?" तेव्हा ते वाक्य तिला चांगलं ठसकेबाज वाटलं होतं. रुचिकाने ताटावरून उठून हात धुतले होते. महिन्याभरात ती गेली.

आता रविवारला दीड दिवस होता. तीन अक्षरं होती, पाच मिनिटांचं काम. ती घासली की भिंत साफ, पाहुणे खूश, अल्पेश मुकाट्याने बोहल्यावर उभा राहिला असता. त्याने आजवर कुठल्या गोष्टीला नाही म्हटलं होतं? आणि जागृती त्याच पश्चिमेच्या खोलीत आली असती, जयमालाच्या शब्दावर.

जयमालाने पेपर खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि जागृतीला फोन लावला. आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, मी तुला सांगितलं होतं ते खोटं निघालं. मुद्दाम खोटं नव्हतं, पण मी त्याला न विचारताच सांगितलं होतं. ती त्याच्या मनातून गेलेली नाही, मला आज कळलं. पलीकडे होमस्टेमधल्या पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता. जागृती तिथून बाजूला आली असावी, कारण गलका कमी झाला.

"राग आलाय, ताई," ती म्हणाली. "पण रविवारनंतर सांगितलं असतंत तर फार जास्त आला असता." मग घरच्यांना मी सांगते, तुम्ही नका सांगू, असं म्हणून तिने फोन ठेवला.

जेवताना जयमालाने घरात सांगून टाकलं की रविवारी कुणी येणार नाही आणि सोमवारी भागोजी गवंडी येणार आहे. पश्चिमेची भिंत वीट दिसेपर्यंत काढायची, ती तशीच उघडी सुकवायची आणि मग गोड्या पाण्याच्या रेतीने नवं प्लास्टर करायचं. धर्माने घास तोंडात तसाच धरून तिच्याकडे बघितलं. मी तेच सांगत होतो, असं तो म्हणेल म्हणून ती वाट बघत होती, पण म्हाताऱ्याने ते म्हटलं नाही. त्याने ठमाबाईकडे बघितलं. ठमाबाईने परातीतला चुरा अजून खाडीत सोडला नव्हता. ती म्हणाली, त्या पोरीला खोकला लागला तेव्हा मीच तिला ओव्याची पुरचुंडी देऊन गप बसवलं होतं. एवढं बोलून ती भांडी घेऊन मोरीकडे गेली.

रविवारी सकाळी अल्पेश अंघोळ करून बाहेर आला तो पाहुण्यांसाठी इस्त्री करून ठेवलेला निळा शर्ट घालून. पनवेलला जातोय म्हणाला. जयमालाने विचारलं की काय बोलणार आहेस, तिचं लग्न झालेलं असलं तर? तो म्हणाला, झालेलं असलं तर पाणी पिऊन परत येईन. भिंत काढतोय एवढं सांगून येतो. ते तिला सांगायला हवं.

"माझंही सांग," जयमाला म्हणाली. "जेवताना मी बोलले होते ते चुकलं म्हणून सांग."

त्याने बाईक सुरू केली आणि हेल्मेट हातात घेऊन तिच्याकडे बघितलं. "ते मी न्हाय सांगनार, वयनी. ते तुझं तू सांग."

चौदा वर्षांत या माणसाने तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. त्याची बाईक जेट्टीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी ती फाटकाशी उभी होती. तिचं त्याच्यावर चिडायचं राहून गेलं. रंगवाल्यावर, पेंटरवर, सासूवर, नवऱ्यावर, वाऱ्यावर, ती सगळ्यांवर चिडून झाली होती. आता चिडण्यासारखं एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाला तोंड चुकवून कुठे जाता येत नव्हतं. ती पश्चिमेच्या खोलीत गेली. गेली चार वर्षं तिथे धान्याच्या रिकाम्या कणग्या आणि जुन्या गाद्या ठेवल्या होत्या. तिने फोनमध्ये नाव शोधलं. नंबर अजून होता. पुसायचा राहिला की ठेवला होता हे तिचं तिला सांगता आलं नसतं.

तीन वेळा वाजल्यावर फोन उचलला गेला.

"मी जयमाला बोलतेय," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं विसरली. ठसक्यात बोलायला तिला कधी शब्द कमी पडले नव्हते. मग तिने समोरच्या भिंतीला तळवा टेकला. हाताला गार लागलं.

"रुचिका, भिंत तेव्हाही ओलीच होती. तू बोललीस त्याच्या आदल्या दिवशी मी हात लावून बघितली होती. मला माहीत होतं, आणि तरी तुला तसं बोलले."

पलीकडून फोन बंद झाला नव्हता. कुणाचीही दोन मिनिटं वाट बघायची जिला सवय नव्हती ती जयमाला फोन कानाला लावून, कणग्यांच्या मध्ये, रुचिका काय म्हणते त्याची वाट बघत उभी राहिली.